आकडा मोठा, माल कोणता? प्रोसेसरांची नावे आणि ग्राहकाची दिशाभूल

व्यापारी कुटुंबात मालाच्या नावाला वजन असते. सुताचा नंबर सांगितला की धाग्याची जाडी समजते. चाळीस नंबरपेक्षा साठ नंबरचे सूत बारीक, यात वाद होत नाही. सोन्यावरील ९१६ हा शिक्का पाहिला की हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने आहे, हे सराफाला आणि गिऱ्हाइकाला सारखेच उमगते. आकडा आणि माल यांचा असा पक्का मेळ असला म्हणजे अनोळखी गावातही सौदा निर्धास्तपणे करता येतो. आज ज्या यंत्रावर आपल्या पेढीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि मुलामुलींचे शिक्षण अवलंबून आहे, त्या संगणकाच्या बाबतीत मात्र हा मेळ सुटलेला आहे.

संगणकातील सर्व गणित आणि आज्ञापालन ज्या चिपमध्ये होते तिला प्रोसेसर म्हणतात. संगणक किती वेगाने काम करील आणि किती वर्षे उपयोगी पडेल, हे पुष्कळ अंशी या चिपवर ठरते. बँकेच्या कर्जविभागात काम करीत असताना यंत्रसामग्रीची कोटेशने तपासण्याचा प्रसंग मला वारंवार येई. लेथ यंत्राच्या कोटेशनमध्ये कंपनी, मॉडेल, मोटरची अश्वशक्ती, उत्पादनाचे वर्ष असा तपशील असे. संगणकाच्या कोटेशनमध्ये मात्र ‘आय५ लॅपटॉप, नग ३’ एवढ्यावर काम भागविलेले असे. लेथच्या तपशिलात त्रुटी राहिली तर अर्जदार स्वतःच ती दाखवून देई; ‘आय५’ या दोन अक्षरांनी मात्र सर्वांचे समाधान होत असे. या नावांत नेमके काय दडलेले असते आणि त्यांनी ग्राहकाची फसगत होते काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

नावे आली कोठून?

प्रारंभी ही नावे सरळ होती. अमेरिकेतील इंटेल कंपनीचे प्रोसेसर २८६, ३८६, ४८६ अशा क्रमाने ओळखले जात. मोठा आकडा म्हणजे नवी पिढी आणि नवी पिढी म्हणजे अधिक शक्ती, असा ग्राहकाचा समज होता आणि तो बरोबरही होता. प्रतिस्पर्धी कंपन्या हेच आकडे आपल्या चिपांना लावू लागल्या, तेव्हा इंटेलने न्यायालयात धाव घेतली. परंतु ३८६ हा आकडा एकट्या कंपनीची व्यापारमुद्रा होऊ शकत नाही, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. म्हणून १९९३ मध्ये आलेल्या पुढच्या चिपला इंटेलने आकड्याऐवजी ‘पेंटियम’ हे नाव दिले. पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडविलेले होते.

त्यानंतर काही वर्षे ग्राहक वेगाचा आकडा पाहू लागला. दीड गिगाहर्ट्‌झपेक्षा दोन गिगाहर्ट्‌झ चांगले, असा हिशेब रूढ झाला. तो अपुरा होता. कारण चिपची रचना चांगली असेल तर कमी ठोक्यांतही ती अधिक काम उरकते. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने २००१ मध्ये ‘ॲथलॉन एक्सपी’ ही मालिका आणली, तेव्हा त्यातील एका चिपचे नाव ‘१८००+’ असे ठेवले. तिचा प्रत्यक्ष वेग मात्र १.५३ गिगाहर्ट्‌झ होता. हा आकडा आपल्याच जुन्या ॲथलॉनशी तुलना करून काढला आहे, असे कंपनीचे अधिकृत म्हणणे होते. बाजाराने मात्र तो इंटेलच्या पेंटियम ४ च्या वेगाशी ताडून वाचला. नाव देणाऱ्याने सांगितलेला अर्थ एक आणि नाव वाचणाऱ्याने घेतलेला अर्थ दुसरा, ही आजच्या घोटाळ्याची सुरुवात तेथेच झालेली दिसते.

२००४ मध्ये इंटेलनेही वेगाचा आकडा मागे ठेवून मॉडेल क्रमांक पुढे आणले. आय३, आय५ आणि आय७ ही आज घरोघरी माहीत असलेली नावे २००८ ते २०१० या काळात बाजारात आली.

आय७ म्हणजे नेहमीच मोठा काय?

पाचापेक्षा सात मोठा, म्हणून आय५ पेक्षा आय७ श्रेष्ठ, हे विधान एकाच पिढीच्या आणि एकाच जातीच्या चिपांपुरतेच खरे आहे. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करू शकणारे विभाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. २०१६ मध्ये आलेल्या ‘आय७-७५००यू’ या लॅपटॉपच्या चिपमध्ये दोनच कोअर होते. तिच्याच पिढीतील ‘आय५-७३००एचक्यू’ मध्ये चार होते. बाहेरच्या चिकटपट्टीवर एकीकडे आय७ आणि दुसरीकडे आय५ एवढेच ठसठशीत छापलेले. फरक सांगणारी अक्षरे नावाच्या शेवटी राहिली. ‘यू’ हे अक्षर कमी वीज घेणाऱ्या, पातळ लॅपटॉपसाठी केलेल्या चिपचे, तर ‘एच’ हे अधिक वीज आणि अधिक शक्तीच्या चिपचे निदर्शक होय. नावातील सर्वांत महत्त्वाचा शब्द असा शेपटीला बांधलेला असतो.

घरी जोडून घेतलेल्या संगणकाच्या बाबतीत एका अक्षराचे मोल आणखी स्पष्ट दिसते. ‘आय५-१२४००’ आणि ‘आय५-१२४००एफ’ या दोन चिपांत फरक एका ‘एफ’चा आहे. या ‘एफ’चा अर्थ असा की चिपमध्ये पडद्यावर चित्र उमटविणारा भाग उपलब्ध नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविल्याखेरीज अशा संगणकाचा पडदा उजळणारच नाही. थोडी स्वस्त म्हणून ‘एफ’ घेणाऱ्याला पुढे कार्डासाठी हजारो रुपये मोजावे लागतात.

चार अंकांची किल्ली

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण एएमडीच्या लॅपटॉप-चिपांचे आहे. या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये नावांची नवी पद्धत जाहीर केली. ‘रायझेन ५ ७५२०यू’ हे नाव घेऊ. त्यातील पहिला अंक ७ हा २०२३ या वर्षाचा. दुसरा अंक ५ हा दर्जाचा. तिसरा अंक २ हा चिपमधील कोअरच्या रचनेचा, म्हणजे ‘झेन २’ या पिढीचा. चौथा अंक त्याच पिढीतील वरचे-खालचे मॉडेल सांगतो आणि शेवटचे अक्षर विजेचा वापर.

किल्ली हाती असली तर कुलूप उघडते, हे मान्य केले पाहिजे. कंपनीने काही लपविले नाही. तिसरा अंक वाचा, पिढी समजेल, असे तिने उघडपणे सांगितले. पण दुकानात उभा असलेला ग्राहक आकडा कसा वाचतो? तो डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकाला सर्वाधिक किंमत देतो. सात हजारांच्या घरातील आकडा त्याला नव्याचा वाटतो. ‘झेन २’ ही रचना मात्र २०१९ मध्ये बाजारात आलेली होती, आणि २०२३ उजाडण्यापूर्वीच कंपनीची ‘झेन ४’ रचना विक्रीस आलेली होती. हेच सांगणारा अंक नावाच्या मध्यभागी जाऊन बसला.

परिणाम असा झाला की ‘रायझेन ५’ आणि पुढे सातने सुरू होणारा आकडा, या एकाच पाटीखाली चार पिढ्यांचा माल नांदू लागला. ७५२०यू मध्ये झेन २, ७५३०यू मध्ये झेन ३, ७५३५यू मध्ये झेन ३+ आणि ७६४०यू मध्ये झेन ४. पहिल्या दोहोंत तर केवळ दहाचा फरक. पण ७५२०यू मध्ये चार कोअर आणि ७५३०यू मध्ये सहा. याहून विचित्र तुलना जुन्या मालाशी करता येते. २०२१ मध्ये आलेल्या ‘रायझेन ५ ५५००यू’ या चिपची रचनाही झेन २ हीच होती आणि तिच्यात सहा कोअर होते. म्हणजे दोन वर्षांनंतर आकडा दोन हजारांनी वाढला आणि कोअर दोनाने घटले.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७५२०यू ही वखारीत पडून राहिलेली जुनी चिप नव्हे. जुन्या रचनेचे कोअर घेऊन, नव्या ग्राफिक्ससह आणि नव्या प्रकारच्या मेमरीसाठी ती मुद्दाम स्वस्त लॅपटॉपकरिता तयार केली होती. पत्रव्यवहार, बिले, इंटरनेट एवढ्या कामाला ती पुरी पडते. जुनी रचना वापरून स्वस्त वस्तू बनविणे यात अधर्म नाही. कापडाच्या धंद्यातही गेल्या हंगामाचे डिझाइन कमी भावात विकले जातेच. प्रश्न एवढाच की, त्यावर कोणत्या हंगामाचा शिक्का मारला जातो.

दुसऱ्याचे पाहावे वाकून

डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने एक सादरीकरण प्रसिद्ध करून याच ७५२०यू चिपवर कडक टीका केली. जुना माल नव्या नावाने विकला जात आहे, असा तिचा रोख होता. टीकेतील वस्तुस्थिती खरी होती. पण बोट दाखविणाऱ्याच्या स्वतःच्या घरात तेच चालले होते, हे जाणकारांनी लगेच दाखवून दिले आणि थोड्याच दिवसांत ते सादरीकरण मागे घेण्यात आले. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून, असाच तो प्रकार होता.

इंटेलच्या दहाव्या पिढीत २०१९ मध्ये दोन वेगळ्या रचनांचे प्रोसेसर एकाच पिढीच्या नावाखाली विकले गेले. ‘आय५-१०३५जी१’ ही नव्या रचनेची चिप, तर ‘आय५-१०२१०यू’ ही जुन्याच तंत्राची पुढील आवृत्ती. २०२३ मध्ये कंपनीने नावातील ‘आय’ हे अक्षर काढले आणि ‘कोअर’ व ‘कोअर अल्ट्रा’ अशी दोन घराणी केली. त्यांतील ‘कोअर अल्ट्रा ७ १५५यू’ ही नव्या रचनेची. तिच्याच सुमारास आलेली ‘कोअर ७ १५०यू’ मात्र मागील रचनेचीच. एक ‘अल्ट्रा’ हा शब्द आणि पाचाचा फरक, एवढ्यावर ग्राहकाने सारे ओळखावयाचे. एएमडीनेही आपली चार अंकांची पद्धत फार दिवस टिकविली नाही. २०२४ मध्ये ‘रायझेन एआय ३००’ अशी निराळीच नावे आणली. जी किल्ली ग्राहकांनी नुकतीच कोठे शिकून घेतली होती, ती पुढच्या कुलपाला लागेनाशी झाली.

कंपन्या असे का करतात, हे धंदा करणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. लॅपटॉप बनविणाऱ्यांना दरवर्षी नवी मालिका हवी असते. चिपची नवी रचना मात्र दरवर्षी सर्व किमतींत देता येत नाही. मग वर्ष बदलते, आकडा बदलतो आणि आतील माल तोच राहतो.

दिशाभूल कशाला म्हणावे?

आता मूळ प्रश्न. नाव गुंतागुंतीचे असणे आणि नावाने दिशाभूल होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. औषधांची नावे किचकट असतात. पण त्यांवरून ग्राहक मनाने काही अनुमान काढीत नाही. आकडा मात्र स्वतःच बोलतो. तो चढत्या क्रमाचे वचन देतो. हे वचन ग्राहक मानणार, हे आकडा निवडणाऱ्यालाही ठाऊक असते. माझ्या मते, ज्या अर्थावर विक्री होणार आहे तोच अर्थ जर खरा नसेल आणि खुलासा विक्रीच्या जागी नसून दूर संकेतस्थळावर असेल, तर प्रत्येक अक्षर खरे असूनही त्या नावाने दिशाभूल होते.

ही गोष्ट कधी कधी कंपन्यांनाही मान्य करावी लागते. एनव्हिडिया या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाने दोन ग्राफिक्स कार्डे जाहीर केली, एक १६ जीबीचे आणि दुसरे १२ जीबीचे. फरक केवळ मेमरीचा भासत होता. वास्तविक दोहोंची चिपच वेगळी होती आणि धाकटीची गणनशक्ती बरीच कमी होती. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा हे नाव योग्य ठेवले गेले नाही असे कबूल करून कंपनीने ऑक्टोबरमध्ये १२ जीबीचे कार्ड मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते ‘आरटीएक्स ४०७० टीआय’ या नावाने आणि ८९९ ऐवजी ७९९ डॉलर किमतीला विक्रीस आले. वस्तू तीच, नाव उतरले आणि भावही शंभर डॉलरने उतरला. नावाची किंमत किती असते, याचा याहून चांगला पुरावा नको.

एएमडीच्या ‘एफएक्स’ मालिकेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. या चिपा आठ कोअरच्या म्हणून विकल्या जात. परंतु त्यांतील कोअर जोडीजोडीने काही भाग सामाईक वापरीत असल्याने त्यांना पूर्ण आठ म्हणता येणार नाही, असा दावा २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. कंपनीने चूक मान्य केली नाही. तथापि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तिने तो मिटविला.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात तिच्यात येतेच. शिवाय वस्तूचे स्वरूप, प्रमाण वा दर्जा यांविषयी ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असलेली, तसेच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरातही येते. केवळ मॉडेल क्रमांकावरून हे सिद्ध करणे सोपे नाही. कारण कंपनी किल्ली दाखवून मोकळी होते. व्यापारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या अधिनियमानुसार ‘ग्राहक’ ठरत नाही; केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेणाऱ्याला सवलत आहे. पेढीच्या नावे दहा संगणक घेतले तर ग्राहक आयोगाचे दार कदाचित उघडणार नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो जुना वस्तुविक्री अधिनियम, १९३०. त्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. पण वर्णन कोणते? बिलावर ‘आय५ लॅपटॉप’ एवढेच असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा आय५ दिला तरी वर्णन पुरे झाले! म्हणून आपला हक्क बिलावरच्या ओळीएवढाच लांब असतो, हे समजून ती ओळ पूर्ण लिहून घ्यावी.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे

प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, विचारावे. ‘आय५’ किंवा ‘रायझेन ५’ हे उत्तर अपुरे समजावे. ते पूर्ण नाव उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: रचना कोणत्या पिढीची, चिप केव्हा बाजारात आली आणि कोअर किती. भ्रमणध्वनीवर हे काम पाच मिनिटांत होते. मुलांना सांगितले तर त्याहून लवकर.

मेमरी पुढे वाढविता येईल काय, हेही विचारावे. काही लॅपटॉपांत, वर सांगितलेल्या ७५२०यू च्या लॅपटॉपांतही, मेमरी मुख्य पट्टीवर कायमची जडविलेली असते. तेथे ८ जीबी घेतली की ती अखेरपर्यंत ८ जीबीच.

वापरलेला, दुरुस्त केलेला ‘आय७’ स्वस्तात मिळतो म्हणून हुरळून जाऊ नये. सहाव्या पिढीच्या आय७ ला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही आणि विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पेढीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर ठेवणे जोखमीचे आहे. इंटेलच्या बहुतेक जुन्या चिपांत आय७ नंतरच्या आकड्याचे पहिले एक वा दोन अंक पिढी सांगतात: ६५०० म्हणजे सहावी, १२३५ म्हणजे बारावी.

संगणक हाती आल्यावर सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ आणि ‘अबाउट’ या पानावर प्रोसेसरचे नाव दिसते. ते बिलावरील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि मगच खोका टाकून द्यावा.

विकणाऱ्याच्या हाती काय आहे?

आपल्यापैकी अनेकांची दुकाने विद्युत उपकरणांची आणि संगणकांचीही आहेत. नाव कंपनीने ठेवले, त्यात आमचा काय दोष, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ग्राहक कंपनीच्या तोंडाकडे पाहत नाही. तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहतो. वातानुकूलन यंत्रांवरील ताऱ्यांच्या पट्टीचे उदाहरण येथे घ्यावे. १ जुलै २०२२ पासून त्या ताऱ्यांचे निकष कडक झाले आणि आधीचे पाच ताऱ्यांचे यंत्र चार ताऱ्यांवर आले. पण हे तारे कोणत्या कालावधीचे आहेत, हे त्या पट्टीवरच छापलेले असते. म्हणजे निकष बदलत राहिले तरी ग्राहकाला अंधारात ठेवावे लागत नाही. किल्ली कुलपाजवळच टांगता येते.

प्रोसेसरच्या बाबतीत अशी पट्टी शासनाने सक्तीची करावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि व्यापारी संघटनांनीही करण्यासारखी आहे. रचनेचे वर्ष, कोअरची संख्या आणि मेमरी वाढविता येते की नाही, या तीन ओळी पुरेत. तोवर दुकानदाराने त्या तीन ओळी किमतीच्या चिठ्ठीवर स्वतः लिहाव्यात आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव बिलावर टाकावे. यासाठी लागते ती थोडी शाई आणि दोन मिनिटे. एखाद्या वेळी सौदा लहान होईल. ग्राहक ७५२०यू ऐवजी सहा कोअरचा स्वस्त जुना लॅपटॉपही घेऊन जाईल. पण पुढचा संगणक, मुलीचा आणि भावाच्या पेढीचाही, घेण्यास तो त्याच दुकानात येईल.